खाडीकाठी गावाचा उपक्रम लावायचाय? आधी भरतीचं टायमिंग बघा

खाडीवर काहीतरी करूया असं शाळेत, मंडळात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की सगळ्यात आधी तारीख पडते, बहुतेक वेळा रविवार सकाळी नऊ, आणि त्या नऊ वाजता खाडीत पाणी कुठे असेल हे कोणी बघितलेलंच नसतं. मग कांदळवन (खाऱ्या पाण्यातलं मॅन्ग्रोव्हचं जंगल) दाखवायला पोरं आणली तर पाणी मुळांच्या वर चढलेलं, पक्षी बघायला गेलो तर चिखल इतका लांबवर उघडा पडलेला की पक्षी म्हणजे नुसते ठिपके, आणि होडी काढायची तर जेट्टीच्या शेवटच्या पायरीखाली पाणीच नाही. खाडीवरचा कुठलाही कार्यक्रम हा आधी भरती-ओहोटीवर ठरतो, नंतर माणसांच्या सोयीवर. हे एकदा पटलं की निम्मं काम झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी उदाहरणं सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीची देणार आहे कारण ती डोळ्यासमोर आहे. कुडाळकडून येणारी कर्ली नदी नेरूरपारच्या पुलाखालून पुढे येते आणि देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते, एका बाजूला तारकर्ली-देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी आणि पलीकडे भोगव्याचा किनारा. संगमावर वॉटर स्पोर्ट्सची गर्दी असते पण थोडं आत गेलं की दोन्ही काठांना कांदळवन, मधे मधे चिखलाचे उघडे पट्टे, माडांच्या बागा आणि खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले खारबंधारे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बऱ्याच खाड्यांची रचना थोड्याफार फरकाने अशीच आहे, त्यामुळे तुमची खाडी आचऱ्याची असो नाहीतर तेरेखोलची, पद्धत हीच चालेल.

तिथीवरून वेळ काढणं

मोबाईलवर टाईड टेबल मिळतं आणि ते बघाच, पण कॅलेंडरवरची तिथी बघून अंदाज बांधता आला तर महिनाभर आधी तारखा पक्क्या करता येतात. जुना हिशोब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण भरते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि दिवसातून दोनदा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज भरती पाऊणएक तास पुढे सरकते. हा हिशोब मुंबईच्या बाजूला बरोबर बसतो, दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला भरती साधारण तासभर आधी येते, तेवढं वजा करायचं. आणि हे झालं समुद्राच्या तोंडाशी. खाडीत जसजसे आत जाल तसतसं पाणी उशिरा पोचतं, ते किती उशिरा हे कुठल्याही ॲपमध्ये नसतं, ते तिथे पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या किंवा कालवं काढणाऱ्या माणसालाच विचारायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी, खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ना धड चढत ना धड उतरत. मालवणकडे मोठ्या उधाणाला दोन-अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो, मुंबईत तोच चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणून मुंबईतला एखादा अनुभवी ग्रुप इकडे आला तरी त्यांचा अंदाज इकडे तसाच्या तसा चालत नाही. दिवसातल्या दोन भरत्यासुद्धा सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे नुसती वेळ बघू नका, टेबलमधली उंची पण बघा.

आता याचा उपयोग कसा करायचा? कांदळवनात चालायचं असेल तर सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला ओहोटी हवी, म्हणजे आमच्या बाजूला चतुर्थी ते षष्ठीच्या आसपासचा रविवार शोधायचा. पाणी अजून उतरत असतानाच आत जायचं आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायचं, चढत्या पाण्यात लहान मुलं आत ठेवायची नाहीत. पक्षी बघायचे असतील तर उलटं, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस घ्या, अकराच्या सुमारास भरती भरते, तुम्ही आठला जाऊन एका जागी गप्प बसा, पाणी चढत जाईल तसा चिखल बुडत जातो आणि पक्षी स्वतःच तुमच्या दिशेने सरकत येतात. शेवटच्या दीड-दोन तासात जेवढं दिसतं तेवढं दिवसभर वणवण करून दिसत नाही.

परवानगी आणि माणसं

परवानगीचं थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि पोच घ्या. कांदळवनाचा बराच भाग राखीव वन म्हणून घोषित झालेला आहे, तिथे गट घेऊन जायचं किंवा सफाई करायची तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आधी कळवायचं (हा कक्ष २०१२ साली स्थापन झाला, आणि सोबतीला कांदळवन प्रतिष्ठान आहे जे उपजीविकेच्या योजना बघतं). प्रवासी घेऊन होडी काढायची असेल तर ती होडी मेरिटाइम बोर्डाकडे नोंदलेली आणि परवाना असलेलीच पाहिजे. शाळेची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती. एवढं केलं की सरकारी बाजू झाली.

खरी परवानगी असते ती खाडीवर जगणाऱ्या लोकांची, आणि ती कोणी मागतच नाही. ज्या काठावर तुम्ही पन्नास जण उतरवणार आहात तिथे ओहोटीला बायका खुबे, मुळे, तिसऱ्या अशा खायच्या शिंपल्या काढत असतात, कोणाची जाळी लावलेली असतात, कोणाचे कालवांचे दगड ठरलेले असतात. त्यांच्या कामाच्या वेळेत तुम्ही तिथे चिखल तुडवलात तर त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तर आठ दिवस आधी जाऊन भेटा, कुठून उतरायचं कुठून नाही ते विचारा, आणि त्यांच्यातल्याच दोघातिघांना वाटाडे म्हणून सोबत घ्या. त्यांना मानधन द्या, आणि ते कार्यक्रमाच्या खर्चात पहिल्या ओळीत लिहा, उरलं तर देऊ असं नको. बाहेरून आणलेल्या तज्ज्ञाला गाडीभाडं, जेवण, शाल-श्रीफळ सगळं मिळतं आणि खाडीची नस न नस माहीत असलेल्या मावशीला नुसतं धन्यवाद, हे मला अजिबात पटत नाही.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात, वल्ह्याच्या होडीतून, स्वतः वल्हवून आणि स्वतः माहिती सांगून. आपल्या गावात काही सुरू करायचंय असं डोक्यात असेल तर आधी तिथे जा, तिकीट काढून बसा, आणि बघा की इंजिनाच्या आवाजाशिवाय खाडी किती वेगळी ऐकू येते, आणि पाहुण्यांना काय सांगायचं काय नाही याची त्यांनी कशी घडी बसवलीय.

कांदळवनात चालणं

पायात काय घालायचं इथे सगळे चुकतात. चप्पल चिखलात राहते. गमबूट तर आणखी वाईट, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो, वरून पाणी शिरलं की जड होतो. अनवाणी तर नाहीच, कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. जुने नाडीचे कॅनव्हास शूज, नाडी घट्ट बांधलेली, आत मोजे, हे सगळ्यात बेस्ट. फुल पॅन्ट, टोपी, पाण्याची बाटली, आणि सुके कपडे गाडीत. आणखी एक गोष्ट जी आयोजक विसरतात, बायका-मुलींसाठी संडास आणि कपडे बदलायची जागा, जवळच्या घरी किंवा शाळेत आधीच बोलून ठेवा.

चिखलात पाय अडकला तर उपसून काढायला जायचं नाही, जेवढी ताकद लावाल तेवढा दुसरा पाय आत जातो. वजन मागे टाकायचं, टाच हलकेच डावीउजवीकडे फिरवायची म्हणजे आत हवा आणि पाणी शिरतं, मग पाय सुटतो. हे आत शिरायच्या आधी काठावर प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. वाळूच्या उथळ पाण्यात चालायचं असेल तर पाय उचलून टाकू नका, घासत न्या, वागळी (चपटा मासा) खाली पुरून बसलेली असते आणि पाय वर पडला तरच शेपटीचा काटा मारते, घासत गेलात तर ती निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि सरळ डॉक्टर गाठायचा. कोकणातल्या काही खाड्यांत मगरी आहेत, चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत तर लोक मुद्दाम मगरी बघायला जातात, तेव्हा तुमच्या खाडीत कुठल्या वळणावर दिसतात ते स्थानिकांना विचारल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरवू नका.

गट वीसच्या वर नको. पुढे एक वाटाड्या, मागे एक, आणि मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. तिवराची जमिनीतून वर आलेली काड्यांसारखी मुळं असतात ना, ती त्या झाडाची श्वास घ्यायची सोय आहे, गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतो म्हणून ती वर येतात, त्यांच्यावरून चालत गेलं की मोडतात. म्हणून एकाच वाटेने, एकामागून एक, आणि दर वेळी तीच वाट.

आत गेल्यावर लेक्चर देऊ नका, हाताला काम द्या. तिवराचं पान तोंडाला लावून बघायला सांगा, खारट लागतं, कारण ते झाड मुळातून आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं, उन्हात जरा तिरकं धरलं तर मिठाचे कण चमकताना दिसतात. त्याच्या शेजारीच कांदळ असेल तर त्याची मुळं बघा, खोडातून कमानीसारखी खाली आलेली, त्याचं मीठ बाहेर ठेवायचं तंत्र वेगळं, ते मुळाशीच बरंचसं अडवतं. कांदळाला लांब हिरव्या शेंगा लटकत असतात त्या खरं तर झाडावरच रुजलेली रोपं आहेत, आईच्या अंगावर वाढून मग खाली पडतात, एकतर तिथेच रुजतात किंवा पाण्याबरोबर वाहत जातात. पांढरी चिप्पी भेटली तर तिथे जरा जास्त थांबा, २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष केलं. तिची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत गळायला लागतात, झाडाखाली पडलेले पांढऱ्या केसरांचे झुबके पोरांना गोळा करायला द्या. मारांडीच्या काटेरी पानांपासून हात जपा. आणि गेवा ओळखायला आधी शिका, पान तुटलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर डोळ्याला वाईट इजा होते, त्यामुळे ओळख नसलेल्या झाडाचं पान तोडायचं नाही हा नियम सगळ्यांना.

मुलांसाठी मला सगळ्यात आवडणारा खेळ म्हणजे चार मीटर दोरीचा चौकोन. दोरीची टोकं बांधायची, चार मुलं चार कोपरे धरून एक मीटरचा चौकोन करतात, चिखलावर ठेवतात आणि दोन फूट मागे सरून पाच मिनिटं एकदम स्तब्ध बसतात. पहिलं मिनिट काहीच नसतं. मग एका बिळातून छोटा खेकडा डोळे वर काढतो, मग दुसरा, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते ती तो वरखाली हलवायला लागतो, बाजूच्या डबक्यातून निवटी (चिखलात फिरणारे छोटे मासे) पंखांवर सरपटत बाहेर येतात आणि एकमेकांवर तोंड वासतात. बिळं मोजायची, खेकडे मोजायचे, वहीत लिहायचं. तोच चौकोन आधी झाडांखाली, मग काठावर, मग उघड्या चिखलावर. तिन्ही आकडे वेगळे येतात, प्राणी पण वेगळे येतात, आणि उघडा चिखल म्हणजे पडीक जमीन नाही हे पोरांना आपोआप कळतं, मोठ्यांना समजवायला जास्त वेळ लागतो.

पक्षीगणना

स्थलांतरित पक्षी साधारण सप्टेंबर ते एप्रिल खाडीवर असतात, जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, गावाची गणना त्या महिन्यात ठेवली तर तुमचे आकडे मोठ्या नोंदीत जातात. पण वर्षातून एकदा मोजून फार कळत नाही, दर महिन्याला त्याच जागी, भरतीच्या त्याच टप्प्यावर मोजलं तर काहीतरी अर्थ निघतो, कारण ओहोटीला घेतलेला आकडा आणि भरतीला घेतलेला आकडा यांची तुलना होऊच शकत नाही. म्हणून नोंदीत वेळेबरोबर पाण्याची स्थिती लिहाच.

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते. चार जणांत एक असली तरी चालेल, एक बघणार, एक लिहिणार, बाकीचे नुसत्या डोळ्यांनी आकाश सांभाळणार. थवा मोजताना एकेक मोजायला गेलात तर तो उडून जातो, दहा पक्षी मोजून ते किती जागा घेतात ते डोळ्यात बसवा आणि मग तेवढे तेवढे तुकडे मोजा. सुरुवातीला चिखलातले सगळे पक्षी एकसारखेच दिसतात, दिसू देत, चिखल्या, तुतवार, सुरय, कुरव, वंचक, बगळे, खंड्या, ब्राह्मणी घार एवढे गट वेगळे ओळखता आले तरी पहिल्या वर्षाला खूप झालं. ओळख पटली नाही तर तसं लिहा, अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या साईटवर टाका, फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदीच्या साईटवर टाकले तर तिथले लोक ओळख पटवून देतात.

पक्ष्यांना उठवायचं नाही, हा नियम फोटोवाल्यांना खास सांगा. खात असलेले पक्षी माना वर करून एकदम थांबले की समजा तुम्ही जास्त जवळ आलात, तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेत आणि परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना याच चिखलात कमवायचीय, दर उड्डाणाला ती खर्च होते. आणि कुरवांना (सीगल) गाठी-शेव टाकून फोटो काढायची जी पद्धत आलीय ती तुमच्या होडीत तरी बंद करा, ते त्यांचं खाणं नाही.

मुंबई-ठाण्याकडच्या लोकांसाठी, तुमच्याकडे ठाणे खाडी आहे, २०१५ साली तिचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, ऐरोलीच्या केंद्रातून होडी पण सुटते. गोव्याकडे मांडवी नदीतल्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, रायबंदरहून फेरीने जायचं. आपल्या खाडीवर गणना लावायच्या आधी अशा एका ठिकाणी ग्रुप नेऊन आणा, सवय होते.

सफाई

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा सफाई असते, त्यादिवशी किनाऱ्यावर करा हवं तर, पण कांदळवनातली सफाई तेव्हा नको, पाऊस आणि नदीचं पाणी चालू असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. पावसाळ्यात वरून वाहून आलेलं सगळं तेव्हा मुळात अडकून बसलेलं असतं आणि गाळ जरा घट्ट झालेला असतो. उधाणानंतर लगेचच्या दिवशी गेलात तर कचऱ्याची एक सलग रेघ दिसते, चढत्या पाण्याने आणून ठेवलेली, तिथून सुरुवात करा.

पण हातमोजे आणि गोण्या घ्यायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, गोळा केलेला कचरा जाणार कुठे? ग्रामपंचायतीची गाडी येणार आहे का, कधी, किती घेणार, भंगारवाला काय उचलणार, काच कोण घेणार. हे ठरलं नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला. काठावर रचून ठेवलेल्या गोण्या पुढच्या उधाणाला परत खाडीत जातात आणि फाटलेल्या गोणीतला कचरा उचलणं आधीपेक्षा कठीण.

काम करताना मुळात अडकलेलं प्लॅस्टिक ओढायचं नाही. टाकून दिलेली जाळी आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) कात्रीने तुकडे करून सोडवायची, नाहीतर दोन किलो जाळ्याबरोबर शंभर कोवळी मुळं उपटून येतात. जाळ्यात खेकडा जिवंत अडकलेला असतो, बघून कापा. पालापाचोळा, वाहून आलेली लाकडं, शिंपल्या यांना हात लावू नका, तो कचरा नाही, जागा चकाचक करणं हा हेतूच नाहीये. चपला, बाटल्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, डायपर, असं वेगवेगळं मोजून आणि वजनकाट्याला लावून लिहून ठेवा. हे आकडे ग्रामसभेत फार उपयोगी पडतात, कारण बाटल्या जास्त निघाल्या तर विषय पर्यटकांचा आहे, डायपर आणि घरगुती पिशव्या निघाल्या तर वरच्या गावांचा, जाळी निघाली तर आपल्याच जेट्टीवर जुनी जाळी टाकायला जागा हवी.

रोपं लावायची का?

बहुतेक वेळा, नाही. २६ जुलैला कांदळवन दिन असतो, बॅनर लागतं, उघड्या चिखलात ओळीने रोपं लावली जातात, फोटो होतात, आणि बरीचशी रोपं पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाहीत. कारण सरळ आहे, जिथे झाडं नाहीत तिथे बहुतेक वेळा नसण्याचं कारण असतं, पाणी जास्त वेळ थांबतं, लाटेचा मार बसतो, किंवा गाळ हलता असतो. आणि समजा तिथे रोपं जगली तर? तर पक्ष्यांची खायची जागा गेली, बायकांची खुबे काढायची जागा गेली. उघडा चिखल आणि कांदळवन दोन्ही खाडीला लागतात, एकाच्या जागी दुसरं लावणं म्हणजे संवर्धन नाही.

जिथे आधी कांदळवन होतं आणि गेलं तिथे मात्र करण्यासारखं खूप आहे, पण कुदळ मारायच्या आधी पाणी बघा. भरतीचं पाणी तिथपर्यंत पोचतं का? भराव, रस्ता, बुजलेला नाला, बंद पडलेली खारबंधाऱ्याची उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार), काहीतरी अडलेलं असतं. पाण्याची वाट मोकळी झाली की तिवराचं बी पावसाळ्यात स्वतःच तरंगत येतं आणि रुजतं, शेजारी मोठी झाडं असतील तर तुम्हाला एक रोप विकत आणायला नको. अर्थात नाला मोकळा करायचं काम वनविभागाला आणि खारजमीन ज्यांची आहे त्या शेतकऱ्यांना विचारूनच, उघाडीशी खेळलात तर कोणाच्या तरी भातशेतीत खारं पाणी जाईल. आलेल्या रोपांची राखण हे गावाचं काम. गुरं तिवराचा पाला आवडीने खातात, म्हणून दोन पावसाळे तेवढ्या पट्ट्याला साधं कुंपण आणि रोपांवर बसलेलं प्लॅस्टिक महिन्यातून एकदा काढणं, एवढ्यानेच फरक दिसतो. तो फरक दाखवायला एका ठरलेल्या दगडावर किंवा खांबाशेजारी उभं राहून दर तीन महिन्यांनी एकाच कोनातून फोटो काढत राहा.

कयाक आणि होडी

हे थोडक्यात. पावसाळ्यात बंद. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पट्टे बांधलेले, पोहता येणाऱ्यालासुद्धा. चढत्या पाण्याबरोबर आत जा, उतरत्याबरोबर परत या, म्हणजे दोन्हीकडे खाडीच तुम्हाला ढकलते. दुपारी समुद्रावरून वारा वाढतो, त्याच्या आत काठावर. आणि ओहोटीच्या वेळी संगमाच्या तोंडाशी जायचंच नाही, बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा तिथे एकमेकांवर चढतात, नवख्या माणसाला ते सांभाळत नाही. अरुंद फाट्यात इंजिन बंद करून वल्हवा, पाणमांजर दिसायची शक्यता असेल तर ती तशीच, आमच्याकडे तिला हूद म्हणतात.

काही चुकीचं दिसलं तर

फिरताना कधी ना कधी डंपरने टाकलेला भराव दिसतो, किंवा एका रात्रीत साफ झालेलं कांदळवन. तिथे जाऊन हुज्जत घालू नका, विशेषतः मुलं सोबत असताना. तारीख-वेळ आणि लोकेशन येईल असे फोटो काढा, जवळची ओळखीची खूण फ्रेममध्ये घ्या, तलाठ्याकडून किंवा ऑनलाईन सातबारावरून गट नंबर काढा. मग लेखी अर्ज, तहसीलदार, वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि जिल्हाधिकारी यांना, प्रत्येकाची पोच हातात.

अर्जात काय लिहायचं हे महत्त्वाचं आहे. कांदळवन सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) १-अ मध्ये येतं आणि मुंबई हायकोर्टाने २००५ आणि मग २०१८ च्या आदेशात कांदळवन तोडायला, त्यावर भराव टाकायला बंदी घातलीय, आजूबाजूचा ५० मीटरचा पट्टासुद्धा त्यात आला, जमीन खाजगी असली तरी. हे दोन ओळीत लिहा. बरेच जण पाणथळ जागा नियम २०१७ चा हवाला देतात, पण सीआरझेडमध्ये येणारा भाग त्या नियमांतून वगळलेला आहे, त्यामुळे अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि महिने जातात. आणि तुमच्याकडे दर तीन महिन्यांचे एकाच कोनातले फोटो आणि महिन्याच्या पक्ष्यांच्या नोंदी असतील तर त्या जोडाच, तिथे आधी काहीच नव्हतं असं मग कोणाला म्हणता येत नाही.

या सगळ्या नोंदींची एक वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा, कोणाच्या मोबाईलमध्ये नको, मोबाईल बदलतो आणि सगळं जातं. वहीच्या पहिल्या पानावर वर्षभराच्या तिथ्या बघून पुढच्या बारा महिन्यांच्या तारखा लिहून टाका, चालण्यासाठी ओहोटीचे रविवार वेगळ्या रंगात, पक्ष्यांसाठी उधाणाचे वेगळ्या, आणि ज्या रविवारी पाणी जुळत नाही त्या रविवारी शाळेत बसून नकाशा रंगवा, खाडीवर जाऊ नका.